सदुसष्टचा जोड

"एकच ओळ आहे, फुलसुंदर," सबनीस सर म्हणाले. "तुमच्या हातानं लिहा, खाली सही करा आणि जेवायला जा."

कागद कोरा होता. ओळ त्यांनी तोंडी सांगितली. 'मापनाच्या वेळी स्फटिकावरचा जोड सुटलेला होता.'

मी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"कुठल्या मापनाच्या वेळी, सर?"

"कुंदा बेलसरेंच्या."

"त्यांची पाच मापनं झाली. पाच स्फटिक, पाच जोड."

"मग लिहा, पाचही जोड."

"पाचही सुटले? आणि पाचही बरोबर सतरा अंशांवरच?"

सर हसले. ते रागावले की आधी हसायचे. "तुम्ही आता मला फिजिक्स शिकवणार का? राळ थंडीत आखडते. जोड सुटतो. यात तुमची बदनामी नाही, तुमच्यावर कारवाई नाही. माणसाच्या हातून होतं."

"सोमवारी सांगतो," मी म्हणालो.

"सोमवारी कलकत्त्याहून परीक्षक येताहेत. त्याआधी कागद माझ्या टेबलावर हवा."

हे शहात्तर सालच्या एप्रिलमधलं. तेव्हा मी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होतो. पाटीवर सहायक, पण काम सगळं हाताचं. स्फटिक वाढवणं, कापणं, घासणं आणि त्यांना जोड लावणं. आमचे स्फटिक पाण्यात विरघळणाऱ्या क्षाराचे. त्यांना करवत चालत नाही. ओला दोरा ताणून धरायचा आणि हळूहळू पुढेमागे ओढायचा. दोरा जिथं लागेल तिथं क्षार विरघळतो, आणि तास-दीड तासात लोणी कापावं तसा स्फटिक दुभंगतो. क्षारही मोठा हट्टी. हवा ओली झाली की पाझरतो, कोरडी झाली की पांढरा पडतो. त्याला त्याच क्षाराच्या भुकटीत, बाटलीत घालून, बुचावर मेण लावून ठेवावं लागतं. लेकराला दुपट्यात ठेवतात तसं.

एवढं करून त्याच्याशी करायचं काय, तर त्याच्यातून आवाज पाठवायचा. स्फटिकाच्या एका तोंडावर राळ आणि मेण कालवून क्वार्ट्झची चकती चिकटवायची. हाच तो जोड. चकतीला विजेचा ठोका दिला की ती थरथरते. तो आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. तो स्फटिकातून पलीकडच्या तोंडाशी जातो, आपटून परत येतो, आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हिरवी काडी उभी राहते. आम्ही तिला एको म्हणायचो. काडी लवकर आली तर स्फटिक आतून ताठ, उशिरा आली तर मऊ.

ठरावीक अंशाला काही स्फटिकांची आतली मांडणीच पालटते. त्याला अवस्थांतर म्हणतात. बाहेरून पाहाल तर ढिम्म काही दिसत नाही, तोच आकार, तीच चकाकी. पण पालटायच्या आधी तो आतून मऊ मऊ होत जातो, आवाज त्याच्यात रेंगाळतो, आणि ऐन त्या अंशाला गिळला जातो. काडी पडद्यावरून नाहीशी होते.

सबनीस सरांचं नाव झालं होतं ते याच्या उलट गोष्टीवर. साध्या क्षारात असा पालट होतो, पण मी त्यात अमुक इतका दुसरा क्षार मिसळला की होत नाही, माझा स्फटिक गारठ्यातही जसाच्या तसा राहतो, असा त्यांचा निबंध. सदुसष्ट साली छापून आला. आणि आता त्यांचीच विद्यार्थिनी म्हणत होती की होतो. सतरा अंशांना होतो.

कुंदाताईनं मला दुपारी स्फटिकांच्या कपाटापाशी गाठलं.

"नाना, लिहून द्या तुम्ही," ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते, आवाज मात्र कोरडा. "मी ती सतरा अंशांजवळची मापं गाळते. उरलेल्यावर प्रबंध उभा राहतो कसाबसा."

"राहतो का?"

तिनं कपाटाची कडी लावली, पुन्हा काढली.

"खरं सांगा, ताई."

"नाही राहत. त्या मापांशिवाय माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. सर म्हणताहेत, पुन्हा पहिल्यापासून करा. माझी मुदत जूनला संपते, पुन्हा कोण देणार?" मग एकदम म्हणाली, "पण तुमची नोकरी आहे, नाना. मी काय, कुठल्याही शाळेत शिकवीन."

मला राग आला, आणि तो तिच्यावरच निघाला. "शाळेत पोरांना काय शिकवाल? काडी दिसली नाही की जोडावर ढकला, असं?"

ती रडली नाही. उलट हसली. "कीर्तनात बसता ना रोज, म्हणून तोंड असं चालतं तुमचं."

"बसत नाही. उभा राहतो."

ते खरं होतं. माळीवाड्यातल्या विठ्ठलाच्या देवळात केरबाबुवांच्या मागं मी टाळ घेऊन उभा राहायचो, तेव्हा बावीस वर्षं झाली होती. माझ्या आयुष्यात गोड म्हणून जे काही आहे ते निम्मं त्या चौथऱ्यावर मिळालं. बुवांचा गळा काही फार मोठा नव्हता. पण अभंगाचा एक एक शब्द ते असा उकलायचे की शेजारचा माणूस डोळे पुसतोय आणि आपण हसतोय, आणि दोघांनाही कळत नाही का. टाळकऱ्याचं काम एकच. बुवा कुठंही जावोत, दृष्टान्तात शिरोत, गोष्टीत रमोत, आपण धृपद धरून ठेवायचं. ते परत येतील तेव्हा सूर जागेवर असला पाहिजे.

शनिवारी एकादशी होती. कीर्तन झालं, माणसं पांगली, बुवा पायरीवर बसून सुंठीचा चहा पीत होते. मी शेजारी बसलो आणि मला जे विचारायचं होतं ते न विचारता भलतंच विचारलं.

"बुवा, गेल्या साली रामनवमीला तुम्ही मधेच थांबला होता. आठवतं?"

"आठवतं की."

"पुढचं चरण विसरला होता?"

"विसरतोय कशाला! त्या चरणाशी आलो आणि आतून असं पाणी पाणी झालं, शब्दच फुटंना." त्यांनी बशी खाली ठेवली. "तो पाटलांचा जावई उठून चालला होता, पाहिलंस ना? म्हातारा संपला, म्हणत होता. तू धृपद सोडलं असतंस तर सगळेच उठले असते. मग मी आलो असतो परत, पण कुणासाठी?"

"तुम्ही परत याल हे मला ठाऊक होतं."

"कशावरून?"

"तुमचा पाय ताल देत होता."

बुवा खो खो हसले. "माळ्याच्या पोरा, तू लई डांबरट आहेस."

घरी जाताना मी त्यांच्या बोलण्याचा विचार करत नव्हतो, असं म्हटलं तर खोटं होईल.

सोमवारी सकाळी मी सरांच्या टेबलावर कागद ठेवला. कोराच. त्यांनी तो पाहिला, घडी केली, खिशात घातला, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

परीक्षक डॉ. मजुमदार म्हणजे साठीचा, किडकिडीत, धोतर नेसलेला माणूस. ते आमच्याशी हिंदीत बोलायचे, तीही अशी गोल गोल की रसगुल्ला तोंडात धरलाय असं वाटावं. कुंदाताईनं आलेख लावला होता. रेघ डावीकडून येत सतरा अंशांपाशी खाली कोसळत होती, आणि पलीकडून पुन्हा वर चढत होती. मधे काहीच नाही, मोकळी जागा.

"यह बीच में क्या है?" मजुमदारांनी विचारलं.

कुंदाताई बोलायच्या आत सर म्हणाले, "तिथं जोड सुटला होता, सर. आमचा सहायक सांगेल. फुलसुंदर, सांगा."

मी भिंतीला टेकून उभा होतो. पुढं आलो.

"जोड सुटला नव्हता," मी म्हणालो.



"फुलसुंदर," सर हळू म्हणाले, "तुमची पायरी ओळखून बोला."

"पायरीवरूनच बोलतोय, सर. जोड मी लावतो. सुटला की मला कळतं."

"तुम्हाला कळतं!" सर मजुमदारांकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलले. त्यातला 'मॅट्रिक' हा शब्द मला समजला. मग मराठीत म्हणाले, "बरं, नसेल सुटला. मग स्फटिकच भेसळीचे असतील. माझ्या सदुसष्टच्या स्फटिकात असं काहीही नव्हतं. चार नंबरचा नमुना. निबंधात छापलेला आहे. जगानं वाचलाय."

आता सांगायला हवं. हे मी कुंदाताईलाही सांगितलं नव्हतं, बुवांनाही नाही.

सदुसष्टमध्येही काडी गेली होती.

त्या दिवशी मी आणि सर दोघंच होतो. तोही सतराच अंश. काडी बुटकी बुटकी होत गेली आणि विझली. सर म्हणाले, "छे, जोड सुटला." त्यांनी लगेच यंत्र बंद केलं. मी नवा होतो. वहीत मी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'जोड सुटला', आणि सही केली. मग सरांनी वरच्या अंशांच्या मापांवरून रेघ सरळ खाली ओढली, आणि ती रेघ छापली. नऊ वर्षं मी असंच समजत होतो की माझ्या हातात खोट आहे. त्यानंतरचा प्रत्येक जोड मी देवाचं नाव घेऊन लावला, कारण पहिला नासला होता. आणि मग कुंदाताईच्या पाच स्फटिकांनी पाच वेळा त्याच अंशाला मौन धरलं.

"चार नंबरचा नमुना माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

सरांचा हात टेबलावरच थांबला.

मी कपाट उघडलं. खालच्या खणात, मागच्या बाजूला, एक बाटली. बुचावर मेण. चिठ्ठीवर सरांचंच वळणदार अक्षर: 'मिश्र क्र. ४, मार्च ६७.' आत भुकटीत स्फटिक, आणि त्यावर माझी चकती, तशीच चिकटलेली. तो जोड मी कधी उकलला नव्हता. आत काय चूक झाली ते बघायचं धाडसच झालं नाही, आणि फेकायचंही.

"हा... हा अजून आहे?" सर म्हणाले.

"जोड सुटलेला आहे म्हणून ठेवलाय, सर. आपणच म्हणाला होतात."

कुंदाताईनं सगळं हिंदीत सांगितलं, तशी मजुमदारांनी बाटली हातात घेतली. चिठ्ठी पाहिली, मग निबंधाचं पान काढून त्यावरचा नंबर पाहिला. "जोड किसने लगाया?"

"मैंने."

"नौ साल में खोला नहीं?"

"नहीं साब."

"चला के देखा?"

"नहीं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "अगर सच में टूटा हुआ निकला तो?"

"तो मैं लिख के दूँगा. दस बार लिखूँगा."

कुंदाताईनं माझ्या कोपराला चिमटा काढला. "नाना, नऊ वर्षांचा जोड! वेडे आहात का?" मी म्हणालो, "बर्फ फोडा, ताई."

बर्फाची लादी आणवली. स्फटिक धारकात बसवला, भोवती गार पाण्याचं वेटोळं. मी ठोका सुरू केला आणि पडद्याकडं पाहायची हिंमत होईना, म्हणून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं ओठ दाबले होते. मग ते सुटले.

काडी उभी होती. हिरवीगार, ताठ. नऊ वर्षं भुकटीत झोपलेला जोड पहिल्या हाकेला ओ देत होता.

"अठ्ठावीस अंश," कुंदाताई म्हणाली.

आम्ही खाली उतरायला लागलो. घाईनं गार केलं तर स्फटिकाला तडा जातो, म्हणून दर दहा मिनिटांना अंशभरच. कुंदाताई तापमान वाचायची, मी बर्फ घालायचो, काडी सरकायची. मजुमदार खुर्चीत मांडी घालून बसले, चहा मागवला, तो निवला तरी प्यायले नाहीत. सर खिडकीशी उभे होते. एकवीसला काडी उशिरा यायला लागली. एकोणिसाला ती वाकल्यासारखी झाली. अठराला निम्मी.

"सतरा," कुंदाताई म्हणाली.

काडी विझली. पडद्यावर एक लांबलचक सपाट रेघ.

सर खिडकीकडून इतक्या वेगानं आले की खुर्ची लवंडली. "सुटला! पाहा! सुटला की नाही! नऊ वर्षांचा जोड, दुसरं काय होणार होतं!" त्यांनी यंत्राच्या बटणाकडे हात नेला.

मी त्या हातावर हात ठेवला. अजूनही आठवतं, त्यांचं मनगट गार होतं आणि माझी बोटं बर्फानं त्याहून गार.

"बसा, सर."

"हात काढा."

"बसा. धृपद चाललंय."

"काय?"

"सदुसष्टला आपण इथंच उठलो होतो. आज नाही उठायचं."

"मी विभागप्रमुख आहे, फुलसुंदर! ही माझी प्रयोगशाळा आहे! उद्याच्या उद्या..."

"उद्याचं उद्या. आज अंश सतरा आहे."

मजुमदारांना शब्द कळले नसतील, पण गोष्ट कळली. त्यांनी पडलेली खुर्ची उचलून सरांच्या मागं ठेवली. "बैठिए, सबनीसजी. हम भी बैठे हैं."

सर बसले.

मी बर्फ घालत राहिलो. साडेसोळा. पडदा सपाट. सोळा. सपाट. कुंदाताईचा आवाज प्रत्येक वाचनाला बारीक होत चालला होता. मला मध्येच वाटलं, खरंच सुटला असेल तर? नऊ वर्षांपूर्वीचा माझा हात, नवखा. मी मनात टाळ धरला. विठ्ठल विठ्ठल म्हणत होतो की मोजत होतो, कोण जाणे. एकच काम होतं. सोडायचं नाही.

"पंधरा," ती म्हणाली, आणि मग, "नाना..."

सपाट रेघेवर दूर उजवीकडे एक फुगवटा उठला होता. मुंगीएवढा. साडेचौदाला तो काडी झाला. चौदाला काडी उभी राहिली, वरच्या अंशांवर होती त्याहून बुटकी, पण उभी.

मग मीच विचारलं, कारण मला ते विचारायचंच होतं, "सर, सतराला सुटलेली राळ चौदाला आपोआप चिकटते का?"

मजुमदारांनी कुंदाताईकडून भाषांतर करून घेतलं आणि इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. हसता हसता थांबले, आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आप रुके नहीं थे. बस इतनी बात है."

सर पडद्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. "मला खरंच वाटलं होतं की सुटला," ते म्हणाले. आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. अजूनही ठेवतो. मी त्यांना माठातलं पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं, आणि ते बाहेर निघून गेले.

कुंदाताईचा प्रबंध त्या मोकळ्या जागेसकट मान्य झाला. निबंधही छापून आला. शेवटी आभारांत माझं नाव घातलं होतं, 'जोडांसाठी'. केरबाबुवांना मी ते छापील पान दाखवलं, तर म्हणाले, "इंग्रजीत आहे म्हणजे खरंच असणार."

माझी मात्र पंधरा दिवसांत केमिस्ट्रीच्या भांडारात बदली झाली. बाटल्या पुसायच्या, चिठ्ठ्या लावायच्या. आणि तिथं कुलसचिव कार्यालयाचा लखोटा आला. कारणे दाखवा. 'विद्यापीठाच्या मालकीचा स्फटिक क्र. ४ आपण नऊ वर्षे कोणत्याही परवानगीशिवाय, निकामी म्हणून नोंद झाल्यानंतरही, कपाटात का ठेवून घेतला, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. अन्यथा आपल्यावर शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.'

भांडारातले शिंदे वाचून घाबरले. "नाना, चांगलं दोन पानांचं पत्र लिहा. माफी मागा. कुणाकडून तरी टाइप करून घ्या."

"एकच ओळ आहे," मी म्हणालो.

कोरा कागद घेतला. पेनचं टोपण काढलं, आणि ह्या वेळी परत लावलं नाही. माझ्या हातानं लिहिलं, 'जोड सुटला नव्हता.' खाली सही केली, ज्ञानोबा फुलसुंदर, तारीख घातली, आणि जेवायला गेलो.